सोळा बिटांचा तारबाबू

बुलढाणा जिल्ह्यात नेटचा वेग दांड्यांत मोजतात. "किती दांड्या हायेत?" "दोन. गच्चीवर गेलं का तीन." घाटावरचे आणि घाटाखालचे यांच्यात एरवी पाण्यापासून पालकमंत्र्यांपर्यंत कशावरही एकमत होत नाही, पण दांड्यांच्या बाबतीत मेहकरपासून मलकापूरपर्यंत सगळे एक आहेत. केबीपीएस, एमबीपीएस ही मापं फक्त फलकावर छापायची असतात, असा सार्वत्रिक समज आहे.

हा समज सुखानं नांदला असता, पण गल्लोगल्ली फायबरचं कनेक्शन विकणारी पोरं फिरू लागली. आणि ज्या ओट्यावर पोरगं पत्रक घेऊन उभं राहतं, त्याच ओट्यावर नेमके टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका बसलेले असतात. असे काका प्रत्येक तालुक्याला किमान एक, ही निसर्गाची योजना आहे. त्यांनी उभा जन्म खांब, डीपी, जंपर आणि लीज लाइन यांत काढलेला असतो, आणि निवृत्तीनंतर कोणी काही विचारत नाही हे त्यांचं दुःख असतं.

"काका, शंभर एमबीचा प्लॅन हाय."

"शंभर एमबी म्हंजे? बिट का बाइट?"

"लय फास्ट हाय काका."

"फास्ट हाय थे समजलं. बिट का बाइट?"

"यूट्यूब अजिबात अडकत नाई."

इथे काका चष्मा काढून पुसायला घेतात. चष्मा पुसून होईपर्यंत पोरानं निघून जायला हवं. ते जात नाही, कारण त्याला महिन्याचं टार्गेट असतं. मग काका सुरुवातीपासून सुरुवात करतात.

खरं तर बिट-बाइटचा घोळ आमच्या जिल्ह्याला अवघड जाऊ नये. खामगावच्या बाजारात शेतकरी कापूस विकतो क्विंटलवर. त्याच कापसाची सरकी वेगळी झाली की रुईचा भाव निघतो खंडीवर, आणि खंडी म्हणजे ३५६ किलो. रुई दाबून बांधली की तिची गाठ होते १७० किलोची. क्विंटलभर कापसात रुई निघते फक्त ३३ ते ३५ किलो, बाकी मुख्यतः सरकी. म्हणजे एकाच मालाची तीन मापं, आणि वर सरकीचा हिशेब. हे सगळं इथला माणूस पान लावता लावता तोंडी करतो. तोच माणूस आठ बिटांचा एक बाइट होतो हे ऐकलं की म्हणतो, "आपल्याले त्यातलं काई समजत नाई, तुम्ही लावून टाका."

तेव्हा हिशेबाला माप इथलंच घेऊ. महाराष्ट्र सरकारनं १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू केली. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. आपण सोयाबीनचा एक फोटो धरू. दोन मेगाबाइटचा, म्हणजे एक कोटी साठ लाख बिटांचा. हाच फोटो गेल्या दीडशे वर्षांतल्या एकेका लाइनवर चढवू आणि बांधावर वाट बघत बसू.

पहिला मान तारेचा. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला. वऱ्हाडचा कापूस बैलगाडीतून उतरला आणि डब्यात बसला. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेनं सुएझमार्गे इंग्लंडला जोडली गेली. आता लिव्हरपूलचा व्यापारी तारेनं वऱ्हाडात कापूस मागवू शकत होता आणि सहा आठवड्यांत तो त्याच्या धक्क्यावर उतरत होता. त्या काळी याला विजेचा वेग म्हणत. तो वेग आजच्या मापात किती?

चांगला तारबाबू मिनिटाला वीस शब्द पाठवायचा. मोर्सचा वेग मोजायला 'पॅरिस' हा शब्द प्रमाण धरतात, आणि तो पाठवायला टिंबाएवढ्या ५० मात्रा लागतात. वीस शब्दांच्या हजार मात्रा, त्याला साठानं भागलं की सेकंदाला सोळा आणि वर थोडं. दुसऱ्या वाटेनं जाऊ. इंग्रजी शब्द सरासरी पाच अक्षरांचा, अधिक एक मोकळी जागा. आजच्या संगणकात एका अक्षराला आठ बिट, म्हणजे शब्दाला ४८. वीस शब्दांचे ९६०, भागिले साठ, बरोबर सोळा. दोन्ही वाटा सोळावर येऊन भेटतात, तेव्हा सोळा पक्के धरू. तारबाबू म्हणजे सेकंदाला सोळा बिट. किलो नाही, मेगा नाही. नुसते सोळा.

आता सोयाबीनचा फोटो त्याच्या हाती देऊ. एक कोटी साठ लाख भागिले सोळा, म्हणजे दहा लाख सेकंद. साडेअकरा दिवस. जेवण, झोप, साहेब आणि लघुशंका वगळून. पेरणीनंतर लगेच फोटो काढला असता तर तो पोचेपर्यंत पानांवर अळी आली असती, आणि तारबाबू अजून आभाळाचा निळा रंग पाठवत बसला असता. रोजचं ते गुलाबफुलाचं 'शुभ सकाळ', साधारण शंभर किलोबाइटचं, पहाटे सहाला निघालं असतं तर रात्री आठच्या सुमारास पोचलं असतं. त्या पिढीची मनःशांती कशात होती, याचा थोडा उलगडा इथे होतो.

ओट्यावरच्या पोराच्या शंभर मेगाबिटांची बरोबरी करायला किती तारबाबू लागतील? साडेबासष्ट लाख. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या भरली २५,८६,२५८. म्हणजे तेरा तालुके, पाळण्यातल्या बाळांसकट आणि पारावरच्या म्हाताऱ्यांसकट मोर्सच्या कळीवर बसवले आणि सगळ्यांनी एका दमात कट्ट-कडकट्ट सुरू केलं, तरी बेरीज ४१ मेगाबिटांच्या थोडी वर जाते. पोराचा प्लॅन त्याहून दुपटीनं मोठा. अख्खा जिल्हा कामाला लावूनही अर्ध्याच्या आत राहतो, हे वाक्य इतर विषयांतही उपयोगी पडण्यासारखं आहे.

पण तारबाबूला कमी लेखू नये. त्याच्या लाइनवर काटकसर होती. तारेचे पैसे शब्दावर, त्यामुळे 'आई आजारी निघ' यात व्याकरणाला जागा नव्हती. व्यापाऱ्यांकडे सांकेतिक शब्दांचे जाडजूड कोश असत, एका शब्दात अख्खा सौदा. पुढे शुभेच्छांच्या तारांनाही क्रमांक आले. ठरलेल्या मजकुराचा नुसता आकडा तारेवरून जायचा आणि पलीकडे पूर्ण वाक्य उमटायचं. आज याला कॉम्प्रेशन म्हणतात आणि शिकवायला लाखभर फी घेतात. १५ जुलै २०१३ पासून देशातली तारसेवा बंद झाली. शेवटच्या दिवशी तारा करायला लोकांनी रांगा लावल्या. त्याआधी कित्येक वर्षं त्यांतल्या बहुतेकांना ती चालू आहे हेही माहीत नव्हतं.

तारेनंतर टेलिप्रिंटर. वेग ५० बॉड, म्हणजे इथे सेकंदाला ५० बिट. इथे सरकी पहिल्यांदा उघड्यावर येते. टेलिप्रिंटर एक अक्षर पाच बिटांत पाठवतो, पण त्याच्या आधी 'सुरू' सांगणारा एक आणि नंतर 'थांब' सांगणारा दीड, असे साडेसात मोजतो. म्हणजे पाच रुई आणि अडीच सरकी. ५० चा वेग छापलेला, कामाचे ३३. सोयाबीनचा फोटो छापील वेगानं पावणेचार दिवसांत जातो, सरकी धरली तर साडेपाच. ही सरकी आजही प्रत्येक लाइनवर असते. पाकिटावरचा पत्ता, अनुक्रमांक, वाटेत काही सांडलं का याची तपासणी, या सगळ्याचे बिट तुमच्याच वेगातून जातात. फरक इतकाच, की बाजारात सरकीचेही पैसे येतात.

मग येतो टेलिफोन, आणि काकांचा आवाज मोठा होतो. फोनवरून माणसाचा आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातून जातो. त्यामुळे फोनवर सगळे सर्दी झाल्यासारखे बोलतात. हा आवाज आकड्यांत बदलायचा तर सेकंदाला आठ हजार वेळा मोजायचा, आणि दर मोजणीला आठ बिट. आठ हजार गुणिले आठ, चौसष्ट हजार. ६४ केबीपीएस हा आकडा आकाशातून पडलेला नाही, तो आपल्या घशाच्या मापानं शिवलेला आहे. लग्नाची बोलणी असोत, तुरीचा भाव असो किंवा पाच मिनिटं नुसतं "हॅलो... हॅलो... आवाज येते का?" असो, प्रत्येकाला सारखेच ६४. टेलिफोन खात्याइतका समाजवाद पुढे कुणालाच जमला नाही.

असे ६४ चे ३२ पट्टे एकत्र बांधले की होते २.०४८ मेगाबिटची लाइन. पुस्तकात तिचं नाव ई-वन. एक्सचेंजमध्ये तिला कोणी ई-वन म्हटलेलं ऐकू येत नाही, तिथे ती 'टू एमबी'. ३२ पैकी ३० पट्ट्यांवर माणसं बोलतात. एक पट्टा वेळ सांभाळतो आणि एक कोण कुणाला फोन लावतोय याची नोंद ठेवतो. काम करणारे तीस आणि देखरेख करणारे दोनच, असं प्रमाण भारत सरकारच्या दुसऱ्या कुठल्या खात्यात टिकलं असतं का, हा संशोधनाचा विषय आहे. 'टू एमबी' म्हणताना वरचे ४८ हजार बिट सरळ सोडून देतात. तारबाबूंच्या मापात हे तीन हजार तारबाबू झाले. त्यांच्याकडून तक्रारीची तार आल्याची नोंद नाही.

ओट्यावरचं भांडण याच जागी पेटतं. पोरानं मोबाइलमध्ये बघितलेलं असतं, की फोटो दोन एमबीचा. काका सांगतात, लाइन टू एमबीची.

"मंग एका सेकंदात गेला पायजे."

"आठ सेकंद लागतीन."

"कायले? दोन एमबी फोटो, दोन एमबी लाइन!"

"फोटो बाइटमंधी हाय लेका, लाइन बिटमंधी. आठानं गुणाव लागते."

"काका, तुमच्या टायमाले असंन. आता नसंन ते."

आताही आहे. जगात सगळीकडे लाइनचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. लाइन विकणाऱ्याला मोठा आकडा बरा दिसतो आणि फाइल ठेवणाऱ्याला छोटा, त्यामुळे या रिवाजाविरुद्ध दोघांपैकी कुणीही मोर्चा काढत नाही.

नव्वदच्या दशकात याच फोनच्या तारेवर मोडेम बसला. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं देशात इंटरनेट खुलं केलं. सुरुवात मोठ्या शहरांतून झाली. आमच्याकडे ते यथावकाश आलं, जसं इतर सगळंच येतं. तेव्हाचा डायल-अप ९.६ केबीपीएसचा. सोयाबीनचा फोटो अठ्ठावीस मिनिटांत. मग १४.४, २८.८, ३३.६ करत गाडी ५६ ला पोचली. मोडेम जोडणी करताना जो किंकाळ्यांचा आवाज करी, तो त्या पिढीच्या कानात अजून आहे. तेवढ्यात घरातल्या कुणी दुसरा फोन उचलला की इंटरनेट जायचं आणि आत्याबाईंचा आवाज यायचा.

५६ केबीपीएसच्या डब्यावर छापलेले ५६ हे येणाऱ्या मालाचे होते. जाणाऱ्या मालाला ३३.६. म्हणजे बघायला ५६ आणि पाठवायला ३३.६, आपला फोटो बांधावरून वर जाणार, तेव्हा त्याला आठ मिनिटं. येणारा वेग वेगळा आणि जाणारा वेगळा ही रीत तारेवरच्या ब्रॉडबँडनं पुढे चालवली, आणि मोठा आकडा कुठला छापायचा याबद्दल छापणाऱ्यांच्या मनात कधी संभ्रम झाला नाही.

ब्रॉडबँड म्हणजे किती रुंद, हेही सरकारनं वेळोवेळी ठरवून दिलं. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड. फोटोला एक मिनिट. २०१३ साली, म्हणजे तार बंद झाली त्याच वर्षी, किमान ५१२. २०२३ मध्ये किमान २ एमबीपीएस. हा शेवटचा आकडा ऐकून काका हातातला चहा खाली ठेवतात. कारण ही जवळजवळ त्यांची 'टू एमबी' आहे. ज्या लाइनवरून एका गावाचे तीस जण बाहेरगावी बोलायचे, ती आता एका घराच्या ब्रॉडबँडला किमान हवी, असं सरकारची व्याख्या म्हणते. आणि त्या घरातला नातू म्हणतो, "एवढ्यात काय होते?"

आता फायबर. शंभर मेगाबिटला फोटो जातो ०.१६ सेकंदात. डोळ्याची पापणी लवायलाही साधारण एवढाच वेळ लागतो. पोरगं खूश होतं. काका मात्र अजून संपलेले नसतात.

"ह्या तुह्या तारीवर किती घरं हायेत?"

हा प्रश्न काकांना सुचतो, कारण त्यांनी गावची एक्सचेंजं सांभाळलेली असतात. १९८६ सालापासून सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेची देशी बनावटीची १२८ पोर्टांची ग्रामीण एक्सचेंजं गावोगाव बसायला सुरुवात झाली. एसी नको, वीज गेली तर बॅटरीवर, आणि धुळीला न घाबरणारी. अशा एक्सचेंजमधून बाहेर जायला एकच 'टू एमबी' असली, तर तीस जण बोलत असताना एकतिसाव्याला "या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत" ऐकू येणार. बाईचा तो आवाज इतका मऊ होता, की लोक रागावायचे विसरून पुन्हा लावायचे. सगळं गाव एकाच वेळी फोन उचलत नाही, या विश्वासावर सगळी व्यवस्था उभी होती. पोळा आणि दिवाळी सोडता तो खराही ठरायचा.

फायबरचं गणितही त्याच विश्वासावर उभं आहे. सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत एका तंतूवर येणारा एकूण वेग २.४८८ गिगाबिट. तो तंतू पुढे फुटत जातो, बत्तीस किंवा चौसष्ट घरांपर्यंत. चौसष्ट घरांना शंभर-शंभर दिले तर लागतील ६.४ गिगाबिट. आहेत अडीच. सगळ्यांनी एकदम ओढलं तर वाट्याला येतात एकोणचाळीसच्या आत. एरवी कळत नाही, कारण कोणी झोपलेलं असतं, कोणी शेतात असतं आणि कोणाचं बिल थकलेलं असतं. क्रिकेटचा सामना असला की कळतं. फरक इतकाच झाला, की तेव्हा एकतिसावा माणूस बाहेर राहायचा आणि तिसांचं बोलणं नीट व्हायचं; आता सगळे आत येतात आणि सगळ्यांपुढे गोल चक्र फिरतं.

आणि बँकेतली 'लिंक'? एके काळी शाखेच्या शाखा ६४ केबीपीएसच्या लीज लाइनवर चालायच्या, तेव्हा खिडकीवर वाक्य असायचं, "लिंक नाही." आज रांगेतल्या पेन्शनरच्या खिशातला फोन त्या काळच्या अख्ख्या शाखेहून शंभर पट वेगवान आहे. खिडकीवरचं वाक्य तेच. सेतू केंद्रात त्याला "सर्व्हर डाऊन" म्हणतात, रेशन दुकानात "मशीन अंगठा घेत नाही." वेग सोळा बिटांपासून दहा कोटी बिटांपर्यंत गेला, "उद्या या" या दोन शब्दांचा वेग मात्र १८७० पासून स्थिर आहे. तो कुठल्या मापात मोजायचा, यावर पॅरिसमध्येही काम झालेलं नाही.

पोरगं शेवटी कंटाळून विचारतं, "काका, घेता का नाई?" काका घेतात. त्यांना नातवाला तोंड दाखवायचं असतं. फक्त पावतीवर सही करण्याआधी ते चार प्रश्न विचारतात, आणि ते आपणही विचारावेत असे आहेत. बिट की बाइट? येणारा की जाणारा? माझ्या एकट्याचा की चौसष्टांचा? आणि 'शंभरपर्यंत' की 'किमान शंभर'? पहिल्याचं उत्तर बिट असेल, तेव्हा आठानं भागा. उरलेल्या तिन्हींची उत्तरं विक्रेत्याला येत नसतील तर जे उरलं त्यातून सरकी काढा. रुई हाती येईल तेवढ्याचाच भाव करा.